पावसात कॅम्परव्हॅन घेऊन नाशिकला येताय? आधी हे वाचा

जून ते सप्टेंबरमध्ये कॅम्परव्हॅन घेऊन नाशिककडे येणाऱ्यांचा बेत जवळपास ठरलेला असतो. कसारा घाट चढायचा, इगतपुरी, भावली धरण, मग त्र्यंबक, पहिने, फार तर घोटीवरून भंडारदरा. ठिकाणं एकाहून एक देखणी आहेत, पण सगळी एकाच पट्ट्यात येतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून जिथं मोकळे होतात, तोच हा पट्टा. मग तीन दिवस नुसता कोसळतो. धुक्यात दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, गादीला वास येऊ लागतो, पोरं वैतागतात आणि चौथ्या दिवशीचा बेत सोडून सगळे घरी परततात.

गंमत म्हणजे त्याच दुपारी सिन्नरला लोक रस्त्यावर छत्री न उघडता फिरत असतात. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे साधारण पाचशेच्या आसपास. घोटीहून सिन्नरला थेट रस्ता आहे, तासा-दीड तासाचा. इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलात तर आणखी लवकर. हॉटेलचं आगाऊ भाडं भरलेला माणूस एका जागी अडकतो, तुम्ही चाकांवरचं घर घेऊन निघाला आहात. ते हलवायची तयारी घरून निघतानाच ठेवली, तर पावसाने सुट्टी सहसा बुडत नाही.

पहिली पायरी: गाडी ठरवताना

भाड्याने घेत असाल तर पाटी बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ‘आपलीच आहे, न्या’ म्हणून भाड्याने देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

करारात चार गोष्टी लेखी हव्यात. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तारीख पुढे ढकलता येईल का? गाडी चिखलात रुतली तर टोइंगचा खर्च कुणाचा? पाणी शिरून इंजिन बंद पडलं तर विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं आहे का? साध्या विम्यात ते बहुतेक नसतं. आणि छताचा पत्रा गळला तर ओल्या गादीचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का? फोनवर सगळे ‘काही टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

गाडी ताब्यात घेताना वॉशिंग सेंटरला नेऊन छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी मारा. ‘बघितलीये, गळत नाही’ यावर जाऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्परव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर गॅरेजमध्ये बांधलेल्या असतात. छताला पाडलेलं पंख्याचं भोक, सोलर पॅनलचे नट आणि मागून बसवलेल्या खिडक्या या तीन जागी पाणी मुरतं. पाणी मारताना एकाने आत बसून बोट फिरवत राहायचं. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पावसाळी घाटासाठी मी तिप्पट नाही तरी दुप्पट मागेन. वायपरचे रबर नवे घाला, दोन-चारशे रुपयांचा प्रश्न असतो.

दुसरी पायरी: अंदाज वाचायला शिका

फोनमधल्या ढगाच्या चित्रावर विसंबू नका. ‘नाशिक, ८० टक्के पाऊस’ यातून काहीच कळत नाही, कारण नाशिक शहर, त्र्यंबक आणि येवला यांचा पाऊस एकमेकांना विचारत नाही. भारतीय हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप घ्या. त्यात जिल्हावार इशारे असतात आणि पुढच्या तीन तासांचा अंदाजही. पावसाळ्यात बऱ्याचदा नाशिक जिल्हा आणि नाशिकचा घाटमाथा यांना वेगवेगळा इशारा दिलेला असतो. आपल्याला तोच फरक बघायचा आहे.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हला. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. घाटमाथ्याला नारिंगी लागला की माझा नियम सरळ आहे: त्या रात्री व्हॅन त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात नको. लाल लागेपर्यंत वाट बघणारे लोक रस्ता बंद झाल्यावर निघतात.

विजांसाठी ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं आहे. मे-जूनच्या वळिवात आणि परतीच्या पावसात त्याचा उपयोग जास्त.

आणखी एक सवय लावा. सकाळी चहा पिताना स्थानिक पेपरात किंवा बातम्यांत धरणांचा विसर्ग बघा. गंगापूर आणि दारणातून किती क्युसेक सोडले, हे नाशिककर पावसाळ्यात रोज बघतात. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आलं हे विचारलं तर कुणीही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवेल. पाणी त्याच्या पायाशी आहे, कमरेला लागलं की गळ्यापर्यंत गेलं, यावर पुराची चर्चा चालते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून येतात. त्यामुळे पावसाळ्यात गंगाघाटावरच्या मोकळ्या जागेत रात्री व्हॅन लावायचा विचारही नको, मग शहरात त्या दिवशी ऊन का पडलेलं असेना.

तिसरी पायरी: एक नाही, दोन मुक्काम ठरवा

एक पश्चिमेला, एक पूर्वेला. दोन्हीकडे फोन करून ठेवा. व्हॅन लावायला कृषी पर्यटन केंद्रं सर्वात सोयीची. गंगापूर धरणाजवळचं एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, काही वायनरींच्या आवारात विचारून सोय होते, आणि अडीअडचणीला हायवेवरचा मोठा ढाबा किंवा पेट्रोल पंप. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी वीज-पाण्याच्या जोडणीसह तयार जागा मोजक्याच आहेत. म्हणून विचारताना ‘कॅम्परव्हॅन’ म्हणू नका, समोरचा गोंधळतो. ‘ट्रॅव्हलरएवढी गाडी आहे, गाडीतच झोपणार, संडास-बाथरूम आणि एक प्लग पॉइंट लागेल’ असं सांगा. भाव लगेच ठरतो.

अभयारण्याच्या हद्दीत, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा नांदूरमध्यमेश्वरला, परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. धरणाच्या जमिनीचंही तेच.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. त्या काळात नाशिक आणि त्र्यंबकला व्हॅन आणणं म्हणजे पार्किंगच्या रांगेत सुट्टी घालवणं. तेव्हा दुसरीकडे जा, हा प्रामाणिक सल्ला.

चौथी पायरी: जागा बघून गाडी लावा

निम्मी संकटं इथंच टळतात किंवा ओढवतात, म्हणून घाई करू नका. उजेड असताना पोहोचा. उतरून पायी फिरा आणि टाच जमिनीत दाबा. मुरूम असेल तर टाच टेकते. काळी माती असेल तर वरून कोरडी दिसली तरी टाच आत जाते आणि बुटाला चार बोटं गोळा चिकटून येतो. अशा जमिनीवर साडेतीन टनांची गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी निघत नाही. धरणाच्या बॅकवॉटरची गाळाची जमीन त्याहून फसवी. वरचा पापुद्रा उन्हाने कडक झालेला असतो, खाली दही.

ओहोळाच्या काठावर, कोरड्या नाल्याच्या तोंडाशी, दगडखाणीत आणि डोंगराच्या कापलेल्या कडेखाली गाडी लावू नका. झाडाखालीही नको. फांदी पडते हे एक कारण, आणि पाऊस थांबल्यावरही रात्रभर पत्र्यावर टपटप चालू राहते हे दुसरं. झोप न झालेली माणसं दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवतात, त्यामुळे दुसरं कारण मी पहिल्याइतकंच मोठं मानतो.

गाडीचं तोंड बाहेर पडायच्या वाटेकडे हवं. रात्री दोन वाजता पाणी वाढलं तर मागे-पुढे करत वळवायला वेळ नसतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे जमलं तर नाक त्या दिशेला, म्हणजे गाडी कमी हलते आणि सरकता दरवाजा उघडला की पाऊस थेट बिछान्यावर येत नाही. वारा आणि वाट यांचं जमत नसेल तर वाट निवडा.

बाजूची कापडी शेड उघडलीत तर एक कोपरा हातभर खाली ठेवा, पाणी साचून कापड फाटत नाही. झोपताना ती गुंडाळूनच झोपा, संध्याकाळी आभाळ कितीही निरभ्र असो. झोताचा वारा आला की शेड आधी उडते आणि जाताना गाडीचा पत्रा घेऊन जाते.

आणि जागेच्या मालकाला विचारा, ‘मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ गावातला माणूस हाताने दाखवतो. त्याच्या हाताच्या वर गाडी लावा.

पाचवी पायरी: दार बंद करून बसायची वेळ

चार माणसांची बंद व्हॅन रात्रभरात आतूनच ओली होते. श्वासातली वाफ गार पत्र्यावर बसते आणि पहाटे छतावरून थेंब थेट कपाळावर पडतो. लोकांना वाटतं गाडी गळतेय. पाऊस असला तरी छताचा झरोका दोन बोटं आणि वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ओले कपडे आत वाळत घालू नका. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ड्रायव्हरच्या बाजूला टाका आणि ढाब्यावर, केंद्रावर जिथं छप्पर मिळेल तिथं पसरा. पायपुसणी म्हणून दोन गोणपाटं लागतात, एक दाराबाहेर, एक आत. चपला आत येऊ द्यायच्या नाहीत, हा नियम पहिल्या दिवशी न केल्यास दुसऱ्या दिवशी करून उपयोग नसतो.

स्वयंपाक कुकरमध्ये करा. खिचडी, वरण-भात, उकडलेले बटाटे. वाफ कमी, गॅस कमी. भज्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण बंद व्हॅनमध्ये तळण काढलंत तर तेलाचा वास गादीला आठवडाभर राहतो. भजी ढाब्यावर खावीत, तिथली चांगलीही असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला खाली झरोका आहे का बघा आणि तो चिखलाने बुजू देऊ नका. ऊब यावी म्हणून गॅस पेटता ठेवून किंवा कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म विकत मिळतो, एक बसवा.

ढगाळ दिवसात सोलर पॅनल उन्हातल्या क्षमतेच्या अगदी थोड्या हिश्शावर येतं. फ्रिज बंद करा, दूध रोजचं रोज घ्या, आणि बॅटरी इंजिनावर चार्ज होते का हे भाड्याने घेतानाच विचारून ठेवा. होत असेल तर मुक्काम हलवण्याच्या दीड-दोन तासांत बॅटरीचंही बरंच काम होऊन जातं.

विजा चमकत असताना पत्र्याच्या बंद गाडीत काचा वर करून बसणं बाहेरपेक्षा कितीतरी सुरक्षित. बाहेरून घेतलेली विजेची वायर काढून ठेवा. छत फायबरचं किंवा कापडी वर उघडणारं असेल तर हा भरवसा धरू नका, पक्क्या इमारतीत जा.

सहावी पायरी: रस्ता

कसारा घाटात धुकं उतरलं की हेडलाइट लो बीमवर, फॉग लाइट चालू, आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर बंद. सगळे लुकलुकत जातात, त्यामुळे कोण उभा आणि कोण चालता हेच कळत नाही. पेठ रस्त्यावरचा सावळ घाट, जव्हारकडे उतरणारा तोरंगण घाट, सप्तशृंगी गडाची नांदुरीची चढण या ठिकाणी जोराच्या पावसात दगड-माती रस्त्यावर येते. अंधारात हे रस्ते टाळा.

गावाकडच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. एक फूट वाहतं पाणी लहान गाडी हलवतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं. व्हॅन उंच आणि बाजूने सपाट, तिला पाण्याचा रेटा जास्तच बसतो. पलीकडून मोटारसायकलवाला आला म्हणून आपणही जावं असं नसतं, तो फरशी रोज ओलांडतो आणि कठडा कुठं तुटलाय हे त्याला पाठ असतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी गेलं असेल तर त्या एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

धबधब्याजवळ वर आभाळ मोकळं असलं तरी डोंगरावरचा पाऊस खाली उशिरा पोहोचतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडीला पर्यटक असेच पलीकडे अडकले होते.

फोन नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा: ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०३३ राष्ट्रीय महामार्ग. दरीत रेंज जाते, म्हणून नकाशाही आधी उतरवून ठेवा.

सातवी पायरी: रुतलात तर

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गंगावऱ्ह्याच्या बाजूला ओळखीतल्या एका कुटुंबाची व्हॅन रुतली होती. मागची दोन्ही चाकं निम्मी आत, आणि ड्रायव्हर सीटवरचे गृहस्थ ॲक्सिलरेटर दाबून दाबून चिखल उडवत होते. शेतातून एक काका आले. त्यांनी आधी गाडी बंद करायला लावली. ‘दादा, रेस नका करू. जितकी रेस कराल तितकी खाली जाईल. आधी माणसं उतरवा, पाण्याची टाकी सोडा.’ शंभर लिटरची टाकी होती, म्हणजे शंभर किलो. मग फावड्याने चाकामागचा चिखल काढून उताराची वाट केली, तिच्यात दगड आणि वर गोणपाटं टाकली. ट्रॅक्टर मागून लावला, कारण गाडी ज्या चाकोरीने आत आली त्याच चाकोरीने सोपी निघते. दोर बंपरला बांधायला निघालेल्या पोराला काका ओरडले, आणि स्वतः चिखलात आडवे होऊन तो चेसिसच्या हुकाला अडकवला. दोर ताणला गेल्यावर सगळ्यांना लांब उभं केलं, तुटला तर तो पायाला नाही, तोंडाला लागतो. रिव्हर्स गिअर, ॲक्सिलरेटर नावापुरता. गाडी दोनदा मागे-पुढे डुलली आणि वर आली.

या क्रमात बदल करण्यासारखं काही नाही. फावडं, चार गोणपाटं, जाड दोर आणि तो अडकवायला डी-शॅकल, म्हणजे डी आकाराची लोखंडी कडी, एवढं गाडीत ठेवा. चाकांची हवा एक तृतीयांशाने कमी केली तरी पकड वाढते, मात्र परत भरायचा पंप जवळ असेल तरच करा. ट्रॅक्टरवाल्याला डिझेल आणि वेळेचे पैसे विचारून द्या, तो नको म्हणाला तरी.

पूर्वेला वळल्यावर

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघा, पावसाळी उजेडात दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. पाऊस आलाच तर गारगोटी संग्रहालय तिथंच आहे, पोरांना हमखास आवडतं. नाशिक शहराजवळच्या पांडवलेणीत २४ लेणी आहेत. वर चढून गेलात की आत कोरडं, आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. येवल्यात पैठणीचे माग बघता येतात. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. हे सगळं ‘दुय्यम’ म्हणून शेवटी ठेवू नका. पश्चिमेच्या धुक्यात काहीच न दिसलेल्या दोन दिवसांपेक्षा हे नक्की चांगलं.

पूर्वेला एक सावधगिरी मात्र घ्यायचीच. पाऊस घाटात पडतो आणि पाणी खाली येतं. निफाड तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरीला आभाळ कोरडं असतानाही गोदावरी गावात शिरते. मुक्काम नदीकाठापासून लांब, उंच जागी करा.

पावसाळा सोडून आलात तरी हवामान खोडी काढतंच. फेब्रुवारी ते एप्रिल अवकाळी आणि गारपीट. मार्च २०१४ मधली गारपीट इथला द्राक्ष बागायतदार विसरलेला नाही. गारा सुरू झाल्या की पेट्रोल पंपाचं छप्पर किंवा मंगल कार्यालयाची शेड गाठा, कारण छताच्या झरोक्याचं प्लास्टिक आणि सोलर पॅनल पहिल्यांदा जातं. उड्डाणपुलाखाली रस्त्यातच थांबू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा एकेक रजई जास्तीची घ्या. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी त्याच दिवसांत असतात. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

गाडी परत देताना

आदल्या दिवशी एक ऊन गाठा. गाद्या बाहेर काढून उभ्या करा, सगळे खण उघडे टाका, खालचा चिखल प्रेशरने धुऊन घ्या. वाळलेली काळी माती ब्रेकच्या आजूबाजूला दगडासारखी बसते. शौचालयाची टाकी सेप्टिक टँकच्या संडासात रिकामी करा, ओढ्यात नाही. कुठं गळलं असेल तर तो डाग झाकू नका, फोटो काढून मालकाला आधीच पाठवा आणि सुरुवातीचा तो व्हॉट्सॲपचा संवाद उघडा ठेवूनच डिपॉझिटचं बोलायला बसा.